न मोडणारा चष्मा

दुकानाचं काचेचं दार अर्धवट उघडं धरून सहा वर्षांच्या त्या पोरीनं विचारलं, "आई, आता हा परत कधी मोडेल गं? मला इथं यायला आवडतं."

आई हसली. शाळेत गाणं शिकवणारी बाई ती, हसणंसुद्धा तिचं सुरात असायचं. आज मात्र ते वर चढता चढता मध्येच चिरकलं. "वेडी कुठली," ती म्हणाली, आणि चष्म्यावाचून माणूस चालतं तशी, एक हात किंचित पुढे धरून, पोरीच्या बोटाला धरून पायरी उतरून गेली. संध्याकाळी सहाला यायचं ठरलं होतं. दार आपोआप लागलं. काउंटरमागे चष्मेवाली उभी राहिली, तळहातावर दोन तुकडे झालेला चष्मा घेऊन. तपकिरी फ्रेम, नाकावरच्या सांध्यात बरोबर मधोमध मोडलेली. वर्षभरात तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी गाणंवाल्या बाई म्हणाल्या होत्या, उशीखाली आला. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, पोरगी बसली त्याच्यावर. आज काहीच म्हणाल्या नव्हत्या, आणि चष्मेवालीनंही विचारलं नव्हतं. मोडलेलं जोडायचं, कसं मोडलं ते विचारायचं नाही, ही या दुकानाची बाबांपासूनची रीत. माणूस आधीच आंधळ्यासारखं झालेलं असतं, त्याला आणखी ओशाळं कशाला करायचं, बाबा म्हणायचे. तिनं दिवा जवळ ओढला, बारीक ड्रिल घेतलं, आणि दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला केसाएवढी भोकं पाडायला बसली. यावेळी तार घालायची हे तिनं दुसऱ्या वेळीच ठरवून ठेवलं होतं. पोलादी तारेचा नखाएवढा तुकडा सांध्याच्या पोटात बसवायचा, वरून ॲसिटोननं प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करायचं, घासायचं, उजळायचं. बाहेरून पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही की आत पोलाद आहे. ही बाबांची विद्या. गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि आता बाबांच्या माघारी तिच्याशिवाय कुणाला येत नाही. हात चालू होते. पण पोरीचं वाक्य माशीसारखं भोवती फिरत राहिलं. हाकललं की उठायचं, पुन्हा येऊन तिथंच बसायचं. परत कधी मोडेल गं. हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. कुठं ऐकलं, ते आठवायला तिला फार लांब जावं लागलं नाही. ऐकलं नव्हतंच. म्हटलं होतं. याच दुकानात, याच काउंटरच्या आतल्या बाजूनं, सात वर्षांची असताना, तिनंच.

मावशी यायची ती नेहमी दुपारची. आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. दुकानासमोरच्या भिंतीवर तिची सावली आधी यायची, भिंत चाचपत चालणारी, आणि मग ती, रुमालात चष्मा गुंडाळून घेतलेली. "भाऊजी, पुन्हा झालं हो," म्हणायची, जणू पोरानं पाटी फोडली. बाबा तसराळ्यातली वाळू तापत ठेवायचे, फ्रेम मऊ करायला. वाळू तापली की तिला एक वास यायचा, उन्हात तापलेल्या दगडी जिन्याचा असतो तसा, आणि त्यात ॲसिटोनचा गोडसर, डोक्यात जाणारा वास मिसळायचा. अजूनही, पन्नाशी उलटल्यावरही, ॲसिटोनची बाटली उघडली की चष्मेवालीला काहीतरी छान घडणार असं वाटतं. कारण चष्मा जुळून सुकेपर्यंत दोन तास लागायचे, आणि ते दोन तास मावशी तिची असायची. अख्खी. मावशीला काच नसली की हातभर अंतरावरचंही दिसत नसे. मग तीच मावशीचे डोळे व्हायची. रस्त्यावरून कोण जातंय ते सांगायची, आणि मावशी मुद्दाम चुकीचं ओळखायची, "तो टोपीवाला? छे गं, ती मांजर आहे, हळू चाललीय म्हणून तुला माणूस वाटलं." डॉक्टरांसाठी ठेवलेला अक्षरांचा तक्ता होता भिंतीवर, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. मावशी त्या तक्त्यापुढे उभी राहून, एकही अक्षर दिसत नसताना, तो धडाधडा वाचायची, आणि वाचायची म्हणजे गाणं रचायची. जात्यावरच्या चालीत, डोलत डोलत:

*उजेडाची वाट, माझ्या डोळ्यांत मावेना,*
*बहिणीच्या दारी, पाय उंबरा सोडेना.*

"असं लिहिलंय होय तिथं?" ती विचारायची. "मग! बारीक अक्षरात आहे, तुला दिसायचं नाही," मावशी म्हणायची, आणि दोघी हसून हसून लोळायच्या. बाबासुद्धा पाठमोरे हसायचे, त्यांचे खांदे हलायचे. मग मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन केसांतून बोटं फिरवत बसायची. तिची बोटं थंड असायची. तिच्या अंगाला एक औषधी वास असायचा, तो तिला मावशीचाच वास वाटायचा. दुखऱ्या भागाला लावायच्या मलमाचा तो वास होता हे तिला कितीतरी वर्षांनी, औषधांच्या दुकानात उभी असताना अवचित कळलं होतं, आणि कळूनही तिनं ते तिथंच काउंटरवर ठेवून दिलं होतं, दुसऱ्याची छत्री ठेवावी तसं. बालपणातलं चांगलं असं काही आठवायचं म्हटलं की तिला त्या दुपारी आठवायच्या. घरात आई सदा कामात, बाबा सदा भिंगात, भावंड नाही. मावशी चष्मा मोडल्याशिवाय यायची नाही. तिच्या नवऱ्याला, काकांना, तिनं माहेरच्या माणसांत बसलेलं आवडत नसे, पण आंधळी बायको घरात काय कामाची, म्हणून दुरुस्तीला तेवढी मोकळीक. त्यामुळं ती रात्री अंथरुणात हात जोडून मागायची, देवा, मावशीचा चष्मा मोडू दे. आणि देव ऐकायचा. दीड-दोन महिन्यांत एकदा तरी ऐकायचाच.

अडीच वाजले तसं तिनं तार बसवलेला चष्मा सुकत ठेवला, दुकानाला कडी घातली आणि वर्गाला निघाली. वर्ग म्हणजे वाचनालयाच्या माडीवर दर आठवड्याला भरणारी बैठक. घरातल्या मारहाणीबद्दल, छळाबद्दल दुकानदारांनी काय ओळखावं, काय बोलावं, ते शिकवायचं म्हणे. औषधवाल्यानं नाव घातलं होतं तिचं, न विचारता. पहिल्या दोन आठवड्यांत ती खिडकीकडे बघत बसली होती. शिकवायला एक निवृत्त परिचारिका यायची, सगळे तिला सिस्टर म्हणत. अपघात विभागात तीस वर्षं काढलेली, ठेंगणी, खडूनं बोटं पांढरी झालेली बाई, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावरची झोप उडावी.

"आज पाठांतर नाही," सिस्टर म्हणाली. "आज एकेकानं सांगायचं. तुमच्या हाताखालून काय जातं? लोक डॉक्टरला खोटं सांगतात, तुमच्याकडे खोटं सांगायलाही विसरतात."

"माझ्या हाताखालून टकलं जातात," केस कापणारा म्हणाला, आणि बाकावर हशा पिकला.

"टकलावरचं टेंगूळ दिसतं का?"

"दिसतं की." तो म्हणाला. "बायकांच्या बाजूला माझी बहीण असते. ती म्हणते, एक बाई आहे, कानामागं कंगवा नेऊ देत नाही."

शिंपीणबाईंनी मानेवरची टेप काढून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "माझ्याकडे एक होती. दर खेपेला म्हणायची, बाही लांब करा. मनगटापर्यंत. भर उन्हाळ्यात. मी म्हटलं, अगं बाई, उकडून मरशील! आणि शिवून दिल्या. चांगल्या शिवल्या हो. माप चुकलं नाही माझं."

"माप चुकलं नाही," सिस्टर म्हणाली, चिडवत नव्हती. "मग काय विचारायला हवं होतं?"

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"'ठीक आहे ना' विचारलं की माणूस 'हो' म्हणतं. दार आपणच उघडायचं आणि आपणच लोटून घ्यायचं, असं झालं ते. सरळ विचारायचं. एकटी असताना, पोरांच्या कानावर न जाता. 'तुम्हाला घरी कुणाची भीती वाटते का?' एवढंच. आणि नाही म्हणाली तर नाही. रागवायचं नाही, मागं लागायचं नाही, नवऱ्याला जाब विचारायला तर मुळीच जायचं नाही. त्याचा हिशेब तो घरी तिच्याकडून चुकता करून घेतो. तुम्ही विचारलंत, एवढं तिच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी तिला दार माहीत असतं. आणि हो म्हणाली तर मदतकेंद्रातल्या बाईंचा फोन सांगायचा, फळ्यावर लिहिलाय, पाठ करा. चष्म्याच्या ताई, तुम्ही बोला. तीन आठवडे खिडकीशी बोलताय."

ती उभी राहिली. आणि तिला बोलायला काही अडचण वाटली नाही, उलट आतून एक उमाळा आला, कारण आपण काहीतरी केलंय असं तिला पहिल्यांदाच वाटलं. "माझ्याकडे येतात," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा मोडून आणतात. विचारायची आमच्यात पद्धत नाही. पण मी नुसतं जोडून देत नाही. आत पोलादी तार घालते. माझ्या वडिलांची युक्ती आहे. मग तो चष्मा जन्मात मोडायचा नाही. कितीही आपटा. तेवढाच तिला आधार."

"वा," केस कापणारा म्हणाला.

सिस्टरनं हातातला खडू टेबलावर ठेवला. तो घरंगळला, तिनं धरला, पुन्हा ठेवला. "ताई," ती हळूच म्हणाली, "चष्मा मोडला नाही, तर मग काय मोडतं?"

"मी टाके घातलेत अशांना," सिस्टर पुढे म्हणाली, जणू माफी मागत असावी. "भुवईच्या वर. चष्म्याच्या कडेचं वळण जसंच्या तसं उमटतं कातडीवर. मोडणारी फ्रेम मोडते आणि निसटते. न मोडणारी आत जाते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुमची चूक नाही." पण चष्मेवालीला पुढचं ऐकू आलं नाही. ती बसली की कुणी बसवलं तेही तिला कळलं नाही. बाकाच्या कडेला कुणीतरी नखानं कोरलेली एक रेघ होती, तिच्यावर तिचा अंगठा मागं-पुढं फिरत राहिला.

तार बाबांनी पहिल्यांदा घातली ती मावशीच्याच चष्म्यात. किती दिवस खपत होते त्यासाठी! भंगारातल्या फ्रेमा मोडून मोडून पाहिल्या, तार कुठली, केवढी, आणि एका दुपारी जमलं. दोन्ही हातांनी त्यांनी तो चष्मा पिळून दाखवला, आणि तो टुणकन सरळ झाला. "जा," बाबा म्हणाले, त्यांचा चेहरा तिनं तसा उजळलेला पुन्हा पाहिला नाही, "आता जन्मात मोडायचा नाही." बाबांना माहीत होतं. अर्थात माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची. बाबांकडे बोलायला शब्द नव्हते, हातात कसब होतं, त्यांनी कसबाची भिंत बांधली आणि मेहुणीला तिच्याआड बसवलं. सात वर्षांची त्यांची पोर मात्र त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती. दोन महिने गेले, तीन गेले, मावशी आली नाही. देवानं ऐकायचं सोडलं. आणि मग चौथ्या महिन्यात मावशी आली. भिंत न चाचपता, चष्मा नाकावर. डाव्या भुवईवर चिकटपट्टी. "भाऊजी, जरा सैल वाटतोय, बघता का?" बाबांनी चष्मा हातात घेतला, दिव्याखाली धरला, काड्या उघडल्या-मिटल्या, सांध्यावरून अंगठा फिरवला. "कुठं काय! ठणठणीत आहे. म्हटलं नव्हतं मी? रेघ नाही पडलेली." मावशी म्हणाली, "हो ना. चांगलाच पक्का केलात." आणि तरी ती उभीच राहिली, काउंटरला पोट टेकून. तेव्हा तिनंच आतून, वाळूच्या तसराळ्यामागून, रागानं, रुसून विचारलं होतं: "मोडला नाही, मग तू आलीस कशाला?" मावशीनं तिच्याकडे पाहिलं. काचेतून तिचे डोळे बारीक दिसायचे, दूर गेल्यासारखे. "उगीच गं," ती म्हणाली. "वाटेत होतं दुकान." आणि गेली.

हे चष्मेवाली आजवर गंमत म्हणून सांगत आली होती. मावशीच्या तेराव्याला नातेवाईक जमले तेव्हाही सांगितलं होतं, मी कशी भांडले बघा लहानपणी, आणि सगळे डोळे पुसत हसले होते. म्हातारी होऊन, नवऱ्याच्या मागं पंधरा वर्षं जगून, आपल्या अंथरुणात मावशी गेली. त्या दुपारनंतर तिनं कुणाच्या दुकानात 'सैल वाटतोय' म्हटलं नाही. वाचनालयाचा जिना उतरताना तिला वाटलं, माणसाच्या पेटीत तळाशी एक रेशमी कापड असतं, वर्षानुवर्षं हात लावला की मऊ लागतं. आज ते उजेडात धरलं तर दुसऱ्याच्या रक्तात माखलेलं. टाकून द्यावं म्हटलं तर दुसरं आहे कुठं? वाळूचा वास खोटा नव्हता. मांडीवरची बोटं खोटी नव्हती. *उजेडाची वाट माझ्या डोळ्यांत मावेना.* मावशी हसत होती तीही खरीच हसत असेल, दोन तास तरी. फक्त ते दोन तास कशाच्या मोबदल्यात मिळायचे हे सात वर्षांच्या पोरीला माहीत नव्हतं आणि तरी ती रोज रात्री हात जोडून तेच मागत होती. रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. कितीतरी जणांच्या नाकावर तिनं बसवलेले चष्मे असतील. कितींत तार असेल ते तिनं मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

दुकानात आल्यावर तिनं गाणंवाल्या बाईंचा चष्मा उचलला. सुकला होता. दोन्ही हातांनी पिळला, टुणकन सरळ झाला. सुंदर काम होतं, सांधा कुठं ते तिलाही शोधावं लागलं असतं. मग तिनं बारीक करवत घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची दुरुस्ती मधोमध कापली. तारेशी करवत अडली, किंचाळली. चिमट्यानं तार ओढून काढायला तिला पाऊण तास लागला. नंतर नुसत्या ॲसिटोननं जोडला, साधा, जसा कुणीही जोडतो, आणि लवकर सुकावा म्हणून दिव्याच्या उबेला ठेवला. साडेपाच वाजून गेले होते. तिनं सिस्टरचं वाक्य मनात म्हणून पाहिलं. मग मोठ्यानं म्हणून पाहिलं, रिकाम्या दुकानात, आणि तिचा आवाज तिला चोरासारखा वाटला. तुला काय करायचंय, नसती उठाठेव, असं आईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. बाई पुन्हा पायरी चढली नाही तर? पोरगी यायची बंद झाली तर?

सहाला दोघी आल्या. पोरगी आधी आत धावली. तिला चष्मेवालीनं दुकानाच्या पार आतल्या टोकाला, आरशाच्या कपाटाशी नेलं, रिकाम्या फ्रेमांचा अख्खा ट्रे पुढ्यात दिला. "सगळ्या घालून बघायच्या, आणि कुठली शहाणी दिसते, कुठली बावळट दिसते, ते ठरवून मला सांगायचं. घाई नाही करायची." पोरीनं तिथंच बैठक मारली.

मग ती काउंटरशी आली. चष्मा हातात धरून विचारावं की आधी द्यावा, क्षणभर तिला कळेना. न दिसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये असं तिला वाटलं. तिनं चष्मा बाईंच्या नाकावर बसवला, काड्या कानामागं सारल्या. डावीकडची सारताना बाईंनी मान किंचित वळवली, अगदी किंचित. डोळ्यांत नजर आली. समोरचा चेहरा दिसला.

"हा नाजूक आहे," चष्मेवाली म्हणाली. "सकाळी मी यात पोलादी तार घातली होती. मग काढली."

"का हो? पक्का केला असतात तर बरं..."

"पक्का चष्मा मोडत नाही. मग कपाळाला लागतं. माझ्या मावशीला लागलं होतं. आम्ही कुणी विचारलं नाही तिला. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला घरी कुणाची भीती वाटते का?"

बाईंनी काउंटरच्या काचेवर हात ठेवले. आतल्या बाजूनं पोरीचा आवाज आला, "ही बावळट!" आणि खुदकन हसू. बाई त्या दिशेला बघत राहिल्या. 'नाही' येणार असं चष्मेवालीला वाटलं आणि ती त्या 'नाही'साठी मनातल्या मनात जागा करत होती. नाही म्हणाली तर नाही, रागवायचं नाही.

"शाळेत सगळ्यांना वाटतं, मी वेंधळी आहे," बाई म्हणाल्या. "मुलं नक्कल करतात माझी. चष्मा शोधणारी बाई." मग म्हणाल्या, "आज उशीखाली आला म्हणायचंसुद्धा विसरले मी."

"हो."

"तुम्ही आता मला घर सोड म्हणणार."

"नाही. ते मला ठरवता येत नाही. तुमच्यासारख्यांसाठीच बसलेली एक बाई आहे. तिचा फोन मला पाठ आहे. कागदावर नको, तुम्हीही पाठ करा. इथूनच करायचा असेल तर दुकानातला फोन आहे."

बाईंनी ओठ हलवत आकडे पाठ केले, गाण्याचे बोल पाठ करतात तसे, दोनदा, तिसऱ्यांदा हातानं ताल धरून. मग एकदम, व्यवहारी आवाजात, जणू आत्ताच दुकानात शिरल्या असाव्यात तशा म्हणाल्या, "दुसरा एक करायचा. याच नंबरचा. पण घरी न्यायचा नाही. इथं राहील? त्या दिवशी माझ्याकडे डोळे नसतील तर... मला रस्ता दिसला पाहिजे हो. पोरीला घेऊन निघायचं तर मला रस्ता दिसला पाहिजे."

"राहील. आणखीही काही ठेवायचं असेल, कागदपत्रं, तिच्या शाळेचे दाखले, तर डबीबरोबर मोठं पाकीट ठेवते."

"मग माप घ्या."

चष्मेवालीनं पट्टी घेतली. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, म्हणजे चष्मा काढून समोरच्यानं सरळ बघायचं आणि पापणी हलवायची नाही. बाईंनी चष्मा काढला. तिनं पट्टी त्यांच्या नाकाच्या मुळाशी धरली, एक डोळा मिटला, आणि उजव्या बाहुलीवर शून्य लावलं. पण बाईंचे डोळे भरून आले होते. बाहुलीची कडा हलत होती, आकडा लागेना. तिनं पट्टी खाली घेतली. बाई म्हणाल्या, "सॉरी." ती म्हणाली, "असू दे. मलाही नीट दिसत नाहीये." दोघी तशाच उभ्या राहिल्या, काउंटरच्या अलीकडे-पलीकडे. बाहेर दिवे लागत होते. आत फ्रेमा एकमेकींवर वाजत होत्या. जरा वेळानं बाईंनी पदरानं डोळे टिपले, मान ताठ केली, समोर बघितलं.

"हं. आता घ्या."

तिनं पट्टी लावली. "एकसष्ट," ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.